सिम्युलेटरमध्ये विमान ट्रिम करायचं कसं: सेसना १७२ वरचा पहिला सराव

घरच्या सिम्युलेटरवर नव्याने बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाची तक्रार एकच असते: विमान एका उंचीवर राहतच नाही. नाक वर जातं म्हणून स्टिक पुढे ढकलली की विमान खाली सुटतं. घाबरून ओढली की पुन्हा वर. दहा मिनिटांत मनगट भरून येतं आणि मग माणूस ऑटोपायलटचं बटण दाबून मोकळा होतो.

ते बटण दाबायच्या आधी ट्रिम शिकून घ्या, म्हणजे स्टिक सतत धरून न ठेवता नाक जागेवर राहील अशी विमानाची जुळणी. लँडिंगच्या सरावाआधीही हेच शिका. ज्याचं विमान ट्रिममध्ये नाही, त्याचं सगळं लक्ष नाक सांभाळण्यात जातं. नकाशा, रेडिओ, खालचा रनवे यांच्यासाठी डोकं मोकळंच राहत नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा, कारण बहुतेक गोंधळ इथूनच होतो. ट्रिम उंची धरून ठेवत नाही, ट्रिम वेग धरून ठेवतो. उंची राहील की नाही हे इंजिनची ताकद ठरवते. पुढचं सगळं या दोन वाक्यांवर उभं आहे. वाचताना कुठे अडलात तर पुन्हा इथे या.

आधी शेपटीकडे बघा

या लेखासाठी मी सेसना १७२ घेतलं आहे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, एक्स-प्लेन आणि फुकट मिळणारं फ्लाइटगिअर या तिन्हींत ते सापडतं, आणि ते चुका लवकर माफ करतं. आवृत्तीप्रमाणे आकडे थोडे बदलतात. इथे दिलेले आकडे १८० अश्वशक्तीच्या १७२ एसचे आहेत.

विमान जमिनीवर उभं असतानाच बाहेरचा कॅमेरा लावून शेपटीपाशी जा. आडव्या शेपटीच्या मागे वर-खाली हलणारा भाग म्हणजे एलेव्हेटर. त्याच्या उजव्या अर्ध्या भागाच्या मागच्या कडेला आणखी एक छोटी पट्टी दिसेल, ती ट्रिम टॅब. आता ट्रिम ‘नाक वर’ या दिशेने फिरवत राहा. पट्टी खाली वळेल. हे उलटं वाटतं, पण बरोबर आहे. उडताना खाली वळलेल्या पट्टीवर हवेचा दाब येतो आणि तो एलेव्हेटरला वर उचलतो. वर गेलेला एलेव्हेटर शेपटीला खाली दाबतो आणि नाक वर येतं. तुम्ही स्टिक ओढून जे काम करत होता, ते आता पट्टी करते.

मग यात वेगाचा संबंध कुठे आला? पट्टी एका जागी ठेवली की पंख हवेला एका ठरावीक कोनातच राहू पाहतात, आणि त्या कोनात विमानाचं वजन पेलायला एक ठरावीक वेग लागतो. वेग त्याहून वाढला की उचल वाढते, नाक वर जातं आणि वेग उतरतो. वेग कमी झाला की नाक आपणहून खाली जातं आणि वेग परत मिळतो. चांगलं बांधलेलं विमान अशा रीतीने आपला ट्रिमचा वेग स्वतः शोधून काढतं. तुम्ही फक्त त्याला कोणता वेग हवा ते सांगायचं असतं.

टेबलावरची तयारी

ट्रिमसाठी दोन बटणं जॉयस्टिकवरच नेमून घ्या, शक्यतो अंगठ्याखाली येतील अशी. न पाहता दाबता आली पाहिजेत. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या आवृत्तीत कीबोर्डच्या न्यूमपॅडवर ७ म्हणजे नाक खाली आणि १ म्हणजे नाक वर अशी मूळ रचना आहे. कामापुरती ती चालते, पण उड्डाणाच्या मध्येच कीबोर्डकडे हात नेणं त्रासाचं आहे. कॉकपिटमधल्या ट्रिमच्या चाकावर माउस ठेवून स्क्रोल करता येतं, आणि बारीक फेरफारासाठी ते छान आहे. हनीकोम्ब ब्राव्होसारख्या थ्रॉटलच्या (इंजिनची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्याच्या) संचाला खरं फिरणारं चाक असतं. ते असेल तर उत्तमच, पण एवढ्यासाठी खरेदी करायची गरज नाही.

चाकाची दिशा लक्षात ठेवायला सोपी आहे. सेसनामध्ये ते थ्रॉटलच्या खाली उभं बसवलेलं असतं. वरच्या बाजूला ढकललं की नाक खाली, खालच्या बाजूला ओढलं की नाक वर. म्हणजे स्टिकसारखंच.

जॉयस्टिकची सेटिंग्ज उघडून मधल्या जागेचा डेडझोन (स्टिक हलली तरी हुकूम जात नाही तेवढा भाग) तीन-चार टक्के ठेवा. जुन्या स्टिकचा मध्य किंचित सरकलेला असतो. डेडझोन नसेल तर हात सोडल्यावरही विमानाला बारीकसा हुकूम मिळत राहतो, आणि तुम्ही ट्रिमला दोष देत बसता. साहाय्याच्या पर्यायांत आपोआप ट्रिम करणारी सोय चालू असेल तर ती बंद करा, नाहीतर एकाच चाकावर दोघांचे हात राहतील.

हवामान स्वच्छ, वारा शून्य. पावसाळ्यातलं कोकणचं खरं हवामान लावून हा सराव करू नका. झोताने नाक हललं की ट्रिमने, हेच कळणार नाही.

जागा निवडताना थोडा विचार करा. मी जुहू सुचवेन. तिथला विमानतळ जवळजवळ समुद्रसपाटीला आहे आणि रनवे २६ वरून उठलात की समोर सरळ अरबी समुद्र. समुद्रावर क्षितिजाची रेघ स्वच्छ दिसते आणि या सरावात तीच तुमचं मुख्य उपकरण आहे. पुण्याहून निघायचा मोह होईल, पण लोहगावचा विमानतळच १,९४२ फुटांवर आहे आणि सिंहगड सुमारे ४,३०० फूट. तिथे ३,००० फुटांवर ट्रिम जुळवत बसलात तर डोंगर तुमच्याहून उंच असतील. पुण्यातूनच उडायचं असेल तर ६,००० फूट धरा.

चढाव संपवून सपाट होणं

उड्डाणाआधी ट्रिमचा दर्शक ‘टेकऑफ’ या खुणेवर आणा. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. साधारण ५५ नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) नाक उचला आणि ७५ ते ८० नॉटने चढत जा. चढतानाही ट्रिम करायचा असतो, पण आज तिथे वेळ घालवू नका. हाताचा भार हलका होईल इतपत पुरे.

आपल्याला ३,००० फुटांवर थांबायचं आहे. नेमकं ३,००० ला नाक खाली करायला सुरुवात केलीत तर उंची ओलांडून जाल. चढण्याच्या दराचा दहावा भाग आधी सुरुवात करायची: मिनिटाला ५०० फुटांनी चढत असाल तर ५० फूट आधी, म्हणजे २,९५० ला.

आता क्रम महत्त्वाचा आहे. आधी नाक, मग ताकद, शेवटी ट्रिम.

नाक हळूच खाली आणून क्षितिजाच्या थोडं खाली धरा. किती खाली ते तुमच्या कॅमेऱ्याच्या उंचीवर अवलंबून आहे, म्हणून बोनटची कड आणि क्षितिज यांच्यातलं अंतर डोळ्यांत साठवून घ्या. आणि थ्रॉटलला लगेच हात लावू नका. विमान अजून ८० नॉटच्या आसपास आहे, त्याला वेग पकडू द्या. या काळात नाक वर यायला धडपडेल आणि तुम्हाला स्टिक पुढे धरून ठेवावी लागेल, वेग वाढेल तशी जास्तच. धरा. हा दाब म्हणजे विमान तुम्हाला सांगतंय की त्याचा ट्रिम अजून चढावाच्या वेगाला लावलेला आहे.

वेग १०० च्या पुढे गेला की थ्रॉटल मागे घेऊन २,४०० आरपीएमच्या आसपास आणा. मग थांबा. वेग १०० ते ११० नॉटच्या दरम्यान कुठेतरी स्थिर होईल. स्थिर होईपर्यंत ट्रिमच्या बटणाला हात नको. वेग बदलत असताना ट्रिम केला तर तो पुढच्याच क्षणी जुना होतो, आणि नवशिक्यांची निम्मी दमछाक याच घाईतून येते.

खरा ट्रिम, आणि जॉयस्टिकची अडचण

खऱ्या विमानात योकवर (स्टिकच्या जागी असणाऱ्या हँडलवर) दाब जाणवतो. पायलट योक आहे तिथेच धरतो, दाब नाहीसा होईपर्यंत ट्रिमचं चाक फिरवतो, आणि योक त्या नव्या जागीच राहतो. घरच्या जॉयस्टिकला मात्र स्प्रिंग असते. ट्रिम कितीही केला तरी स्टिक मध्याकडेच ओढ घेत राहते. खऱ्या विमानावरची शिकवण जशीच्या तशी वापरली की सिम्युलेटरमध्ये जुळत नाही ती यामुळे.

म्हणून आपण असं करायचं. तुम्ही आत्ता स्टिक थोडी पुढे धरून आहात आणि नाक जागेवर आहे. ‘नाक खाली’ ट्रिमची एक टिचकी द्या. नाक किंचित खाली जाऊ लागेल. ते पुन्हा जागेवर येईल इतकीच स्टिक मध्याकडे ढिली सोडा. आणखी एक टिचकी, आणखी थोडी ढिली. असं करत स्टिक मध्यावर आली आणि नाक हललं नाही, की ट्रिम झाला. पूर्ण वेळ डोळे क्षितिजावर. नाकाची जागा स्टिकने राखायची आणि ट्रिमने फक्त स्टिकची सुटका करायची.

ट्रिमनेच नाक वर-खाली करत विमान उडवणं ही वाईट सवय आहे आणि बटणं सोयीची असल्यामुळे ती पटकन लागते. नाक हलवायचं काम नेहमी स्टिकचं. ज्यांना पुढे बारामती किंवा गोंदियासारख्या ठिकाणी प्रत्यक्ष विमान शिकायला जायचं आहे, त्यांनी तर हे विशेष जपावं. लागलेली सवय सोडवणं नवीन शिकण्यापेक्षा अवघड जातं.

मिनिटाला किती फूट वर-खाली होतंय ते दाखवणाऱ्या काट्याकडे या टप्प्यावर बघू नका. जुन्या पद्धतीच्या काट्याचं उपकरण सहा ते नऊ सेकंद मागे असतं. तो शून्यावर यावा म्हणून तुम्ही ट्रिम करता, तोवर विमान दुसरीकडेच पोचलेलं असतं. मग उलटा ट्रिम, मग पुन्हा सुलटा. आधी क्षितिज, मग उंचीमापकावर एक नजर, आणि तो काटा सगळ्यात शेवटी.

हात सोडून तपासणी

आता हात सोडा आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. काय होतं ते नीट बघा, कारण दोन वेगळ्या गोष्टी वरवर सारख्या दिसतात.

हात सोडल्याबरोबर नाक एकाच दिशेने जायला लागलं, तर ट्रिम अपुरा आहे. लगेच ट्रिमचं बटण दाबू नका. स्टिकने नाक पुन्हा जुन्या जागी आणा, वेग परत स्थिर होऊ द्या, मग एखादी टिचकी.

दुसरा प्रकार असा: नाक अगदी सावकाश वर जातं, वेग थोडा उतरतो, मग नाक खाली येतं, वेग चढतो, पुन्हा वर. या वेगाला एक फेरी साधारण पंचवीस सेकंदांची असते. यात ट्रिम चुकलेला नाही. तुम्ही हात सोडलात तेव्हा विमान ट्रिमच्या वेगावर नव्हतं आणि आता ते तो वेग शोधतंय, एवढंच. तसंच सोडलंत तर हेलकावे हळूहळू लहान होत जातात. वाट बघायची नसेल तर नाक क्षितिजापाशी स्टिकने धरा, वेग स्थिर होऊ द्या आणि मग हलक्या हाताने सोडा. हेलकाव्याच्या मध्ये ट्रिम बदलला तर विमान शोधत असलेला वेगच तुम्ही हलवता, आणि ते कधीच शांत होत नाही.

सगळं जुळल्यावरही उंची मिनिटाला चाळीस-पन्नास फुटांनी सरकत असेल. पुष्कळदा बटणाची एक टिचकीच जरा मोठी असते: एक दिली की विमान चढतं, काढली की उतरतं. अशा वेळी वेग पुरेसा जवळ असेल तर ट्रिम सोडून द्या आणि थ्रॉटल किंचित हलवा. २० आरपीएमने काम होतं. उंची ताकदीने जुळवायची, हे सुरुवातीला म्हटलं ते इथे हाताला कळतं.

थ्रॉटल कमी करून बघा

हा प्रयोग कराच. माझ्या मते या लेखातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे.

विमान ३,००० फुटांवर ट्रिममध्ये आहे, हात मोकळे आहेत. वेगाचा आकडा लिहून ठेवा, समजा १०५. आता स्टिकला अजिबात न शिवता थ्रॉटल २०० आरपीएमने कमी करा. नवशिक्याची अपेक्षा असते की वेग कमी होईल. क्षणभर होतोही. पण लगेच नाक खाली जातं, दोन-तीन हेलकावे होतात, आणि शेवटी विमान पुन्हा १०५ च्या आसपास येतं. फरक एवढाच की आता ते उतरतंय, मिनिटाला साधारण २०० फुटांनी. सेसना १७२ मध्ये १०० आरपीएमला मिनिटाला १०० फूट हा ढोबळ हिशेब बऱ्यापैकी जमतो.

थ्रॉटल परत होतं तिथे आणा, विमान सपाट होईल. आणखी वाढवा, चढू लागेल, वेग तोच. ट्रिमला एकदाही हात न लावता तुम्ही विमान वर-खाली केलंत.

यानंतर उलटी बाजू. उंची ३,००० च राखायची, पण वेग ९० हवा. थ्रॉटल २,१०० आरपीएमच्या जवळ आणा. नाक खाली जाऊ पाहील, ते स्टिक ओढून रोखा. वेग ९० ला टेकला की ‘नाक वर’ ट्रिम देत स्टिक ढिली करा. ते जमलं की ७५ नॉट करून बघा. आता नाक बरंच वर असेल आणि ट्रिमही बराच फिरवावा लागेल. तिथून परत १०५. या फेऱ्यांत तुमच्या विमानाला कोणत्या वेगाला किती आरपीएम लागतात ते कागदावर टिपून ठेवा. पुढे लँडिंग शिकताना हा कागद खूप वेळ वाचवतो.

वळताना ट्रिम करू नका. ३० अंशांच्या वळणात नाक थोडं खाली जातं, तेवढं स्टिकने उचलून धरा. वळणात ट्रिम केलात तर पंख सरळ करताच नाक वर उसळेल.

विमान एका बाजूला कलत असेल तर

हा वेगळा प्रश्न आहे आणि ट्रिमच्या चाकाने सुटत नाही. सेसना १७२ मध्ये पंखांसाठी कॉकपिटमधून फिरवायचा ट्रिम नसतो. आधी वळण दाखवणाऱ्या उपकरणातली खालची गोळी बघा, विमान बाजूला घसरतंय का ते ती दाखवते. ती मध्यावर नसेल तर ज्या बाजूला गेली आहे त्या बाजूचं रडर (उभ्या शेपटीचा हलणारा भाग) हलकं द्या. गोळी मध्यावर असूनही पंख झुकत असेल तर सिम्युलेटरमधला, विमानातलं वजन दाखवणारा पडदा उघडा. डाव्या खुर्चीत एकटा पायलट बसलेला असतो, किंवा एका टाकीत इंधन जास्त उरलेलं असतं. इंधनाचा खटका दोन्ही टाक्यांवर ठेवा. हे सगळं ठीक असेल तर जॉयस्टिक पुन्हा कॅलिब्रेट करा.

मोठी विमानं आणि ऑटोपायलट

एअरबस ए३२० ने सुरुवात केलेल्यांना हा सगळा खटाटोप कशाला असा प्रश्न पडतो, कारण त्या विमानाचे संगणक साध्या उड्डाणात ट्रिम स्वतःच करतात. बोईंग ७३७ मध्ये मात्र हाताने उडवताना तुम्हालाच करावा लागतो, आणि तिथे छोटी पट्टी नाही, संपूर्ण आडवी शेपूटच फिरते. म्हणून टिचक्या फार लहान द्यायच्या.

ऑटोपायलट चालू असताना तोही ट्रिम करतो. विमान आधी हाताने ट्रिम करून मगच तो लावा, म्हणजे लावताना धक्का बसणार नाही. आणि तो काढताना स्टिकवर हात आधी ठेवा. ऑटोपायलटने कोणत्या वेगाचा ट्रिम तुमच्या हवाली केला आहे ते पहिल्या क्षणी कळत नाही.

लँडिंगच्या वेळचा धोका

खाली येताना वेग ६५ ते ७० नॉटवर आणता तेव्हा ट्रिम पुष्कळ ‘नाक वर’ झालेला असतो. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली वळणारे भाग) सोडताना सेसनाचं नाक आधी वर उचललं जातं. ते स्टिकने रोखा, वेग उतरू द्या आणि नव्या वेगाला ट्रिम करा. इथवर सगळं तेच.

पण उतरणं रद्द करून पूर्ण थ्रॉटल दिलंत तर तोच ट्रिम नाकाला जोरात वर फेकतो आणि वेग झपाट्याने पडतो. रनवेजवळ, कमी उंचीवर, यातून विमान स्टॉल होऊ शकतं, म्हणजे पंखांची उचल तुटून ते खाली पडू शकतं. स्टिक ठामपणे पुढे दाबून नाक चढावाच्या जागी धरायचं, आणि त्याच वेळी अंगठ्याने ‘नाक खाली’ ट्रिम देत राहायचं. फ्लॅप टप्प्याटप्प्याने, त्यानंतर. याचा सराव रनवेवर नको. ३,००० फुटांवर ६५ नॉटला, फ्लॅप सोडून आणि ट्रिम करून, समुद्रावरच करा. नाक किती जोराने उठतं आणि ते धरायला स्टिक किती पुढे न्यावी लागते हे एकदा कळलं की मगच ते रनवेवर करून बघा.

आणि उतरून झाल्यावर, रनवे सोडला की फ्लॅप वर, ट्रिम परत ‘टेकऑफ’ च्या खुणेवर.